कडीवरची चार बोटं

त्या रविवारी धाकट्याने आक्काला आणायला गाडी पाठवली. गाडी बंगल्याच्या पुढच्या फाटकात वळायला लागली, तशी आक्का मागच्या सीटवरून ओरडली, "इकडे कुठे? मागच्या दाराला घे."

ड्रायव्हर नवा होता. "आजी, पुढे पायऱ्या कमी आहेत."

"गुडघे माझे आहेत ना? मग तू आपलं चाक फिरव."

त्याने चाक फिरवलं. आक्काशी वाद घालून जिंकलेला एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा नवरा. तो वाद न घालताच जिंकायचा, म्हणजे उठून बाहेर चालू पडायचा. आता त्यालाही जाऊन बारा वर्षं झाली होती.

बंगला उतारावर होता, त्यामुळे मागे सात पायऱ्या होत्या. खाली नळ, नळाशेजारी कमरेइतकी भिंत, आणि वर स्वयंपाकघराचं दार. आक्का तिसऱ्या पायरीवर एकदा थांबली, सहावीवर एकदा. दारात वहिनी उभीच होती. धाकट्याची बायको, हेडमास्तरांची लेक. सत्तरीला टेकली तरी पाठ अशी ताठ, जणू आता कुणी हजेरी घेणार आहे.

"वन्सं, पुढून यायचं ना. किती दम लागलाय बघा."

"पुढून पाहुणे येतात, वहिनी. मी दूधवाली."

"तुमचं आपलं काहीतरीच."

काहीतरीच नव्हतं. खरं होतं. आक्का दुसरीत असताना बापाचा पाय मोडला, शाळा सुटली, आणि हातात दुधाची किटली आली. गावातली चाळीस घरं, म्हणजे चाळीस मागची दारं. दूध काही पुढच्या दाराने जात नाही. लग्न झालं, पोर झाली, पण किटली सुटली नाही. त्या चाळीस दारांनी तिला जे शिकवलं ते कुठल्या शाळेत नव्हतं. माप भरलं की वर एक धार जास्त घालायची. आपण होऊन काही विचारायचं नाही, बाई स्वतःच बोलते. पाणी दिलं तर प्यायचं, आणि भांडं विसळून पालथं ठेवायचं. बाई ते विसरत नाही. एका दारी ऐकलेलं दुसऱ्या दारी सांगायचं नाही. "पुढच्या दारात माणूस बोलतो ते जगाला ऐकवायला," आक्का म्हणायची, "खरं काय ते मागच्या दारात."

धाकटा शिकला. तिच्या दुधावर शिकला. शिकून घरी बसला, आणि अर्ज पाठवून पाठवून पोस्टाचा तेवढा फायदा केला. तो चोवीस वर्षांचा असताना एका सकाळी आक्काने त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "ऊठ. साहेब व्हायचंय ना तुला? मग आधी किटली धर." दोन वर्षं त्याने किटली धरली. गावच्या मंडळाची निवडणूक आली तेव्हा समोरच्याने गाडीवर कर्णा लावला. धाकट्याने काही लावलं नाही. तो फक्त मागच्या दारांनी जाऊन पाणी प्याला, आणि निवडून आला. मग तालुका, मग प्रांतसभा, सहा वेळा, आणि त्यात तीन वर्षं पाण्याचं खातं, मंत्री म्हणून. चढत गेला पोरगा.

आणि आता उतरायची वेळ आली होती. त्याचं काळीज दोनदा बंद पडता पडता राहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, फिरणं बंद. पक्षाने निरोप पाठवला: साहेबांचा मान म्हणून जागा साहेबांच्या घरातच देऊ, पण घराने एकमुखाने एक नाव द्यावं. घरात दुफळी असेल तर जागा वीटकारखानदाराला. हा तोच कारखानदार, ज्याच्या भट्ट्यांसाठी ओढ्याकाठचं अर्धं गायरान खणून निघालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर त्याची नजर होती. पक्षाचा माणूस आज चार वाजता येणार होता. आता दुपारचा एक वाजला होता, आणि घरात नावं होती दोन.

पहिलं नाव छोटे साहेबांचं. धाकट्याचा हा एकुलता एक मुलगा. गावाने ठेवलेलं नाव आहे ते, अर्धं मानाने आणि अर्धं टिंगलीने. सिमेंटच्या पायपांचा धंदा, आणि गेले सहा महिने भाषणाचा क्लास.

दुसरं नाव चिमीचं. आक्काची एकुलती एक मुलगी. सेहेचाळिशीची झाली, ढोरांची डॉक्टर झाली, तरी घरात चिमीच. तिला रात्रीअपरात्री गाय अडली म्हणून बोलावणं यायचं, आणि गोठे काही पुढच्या दाराला नसतात. पन्नास गावांची मागची दारं तिने पाहिली होती. आक्काला या जगात आता एकच गोष्ट हवी होती. त्या जागेवर आपली पोर बसलेली बघायची. मग डोळे मिटले तरी हरकत नाही; पण बसल्यावर, आधी नाही.

हॉलमध्ये शिरताच आक्काचे डोळे जायचे तिथेच गेले. मोठ्या सोफ्याच्या वर, काचेत, तो फोटो. तरुण धाकटा, हातात दुधाची किटली, मागे ओढा. सगळ्या प्रांतात पोस्टरवर लागला होता हा. फोटोच्या डाव्या कडेला, किटलीच्या कडीवर, चार बोटं दिसत होती. नुसती बोटं. हात नाही, माणूस नाही. ती बोटं आक्काची. फोटो काढला तेव्हा ती शेजारी उभी होती आणि हसत होती, तिला पक्कं आठवत होतं, कारण फोटोवाल्याने दोनदा सांगितलं होतं, "बाई, दात दिसू द्या." पुढे वहिनीने फोटो काचेत बसवून आणला तेव्हा दातही गेले आणि बाईही गेली.

हे एक. दुसरं म्हणजे ते पुस्तक. गेल्या वर्षी धाकट्याच्या सत्तरीला त्याच्या आयुष्यावर जाडजूड पुस्तक निघालं. आक्काने ते चिमीकडून वाचवून घेतलं. त्यात एका पानावर होतं की मागच्या दाराने लोकांपर्यंत जाण्याची साहेबांची प्रसिद्ध पद्धत ही त्यांच्या सुविद्य पत्नीच्या सल्ल्यातून जन्मली. आक्काने ते पान तीनदा वाचायला लावलं, आणि मग म्हणाली, "मीट आता. डोळे दुखत असतील तुझे." सुविद्य पत्नीने जन्मात दुधाचं माप धरलं नव्हतं. करून गेलं गाव, अन् भलत्याचंच नाव.

"बस, आक्का," धाकटा म्हणाला. खुर्चीत उशांना टेकून तो बसला होता. एवढा धिप्पाड माणूस, आता शर्टात पाहुणा आल्यासारखा दिसत होता.

"बसते. तुझ्या डोक्यावर मी आहेच अर्धी लटकलेली." तिने फोटोकडे हनुवटी केली.

"काच लहान होती गं," धाकटा घाईघाईने म्हणाला.

"काच लहान नसते रे. मन असतं."

वहिनीने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मुद्द्यावर येऊ या?" छोटे म्हणाले. उभे राहून म्हणाले. क्लासमध्ये उभं राहूनच शिकवत असावेत. "बाबा, मी स्पष्ट बोलतो. लोकांना आडनाव लागतं. पोस्टरवर तुमचा चेहरा, खाली माझा. बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. चिमीताई हुशार आहे, मला आदरच आहे, पण तिचा चेहरा म्हैस ओळखते. मतदार नाही."

"म्हशीला मत असतं तर तुझं डिपॉझिट गेलं असतं," चिमी म्हणाली. भांडून नव्हे, ती सफरचंद कापत होती, कापताना बोलली.

धाकटा हसला, आणि हसताना छाती धरली. सगळे थांबले. त्याने हात हलवला. "काही नाही. बोला."

"मामा, मी मागत नाहीये," चिमी म्हणाली. "छोटेला द्या, मी त्याचं काम करीन. फक्त एवढंच, की ओढ्याकाठचं गायरान वाचवायचं काम अर्धवट सोडायचं नाही."

आक्काला वाटलं, उठून हिच्या पाठीत एक धपाटा घालावा. मागत नाहीये! अगं, लाजऱ्याची झोळी रिकामी. "ती मागत नाही, कारण तिला मागायला शिकवलेलं नाही," आक्का म्हणाली. "मी मागते. पन्नास वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं का रे? माझ्या घराचं छप्पर उडालं तेव्हा मागितलं? आज मागते. माझ्या पोरीला दे."

"वन्सं, हे असं ओवाळणी घातल्यासारखं द्यायचं नसतं," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला काय, वहिनी, तुम्हाला सगळं आयतं मिळालं. नवरा पण निवडून आलेला मिळाला."

"आक्का!" धाकटा.

"बोलू दे त्यांना," वहिनी म्हणाली. "मी चाळीस वर्षं ऐकतेय. आज आणखी तासभर."

तास नव्हे, दोन तास गेले. छोटे चिडले, बाहेर गेले, परत आले. सून फोनवरून नवऱ्याची बाजू घेत होती. मग एकदम म्हणाली की निवडून आलात तर घरी कोण असणार, पोरांचा अभ्यास मी एकटीने घ्यायचा का, आणि फोन ठेवून दिला. छोटे डळमळले. आक्काने हे बघितलं आणि मनात सुनेला शंभर गुण दिले. पण वहिनी लेकाच्या शेजारी बसली होती, आणि वहिनी हलल्याशिवाय या घरात काही हलत नव्हतं, हेही आक्काला ठाऊक होतं. जेवढं ठाऊक होतं तेवढं ते खुपत होतं.

तीन वाजून गेले. मग वहिनीने चष्मा काढला, पुसला, आणि मुलाला शाळेतल्यासारखा प्रश्न विचारला.

"ओढ्यापलीकडे शेवटचं घर कुणाचं रे?"

"कुठल्या गावात?"

"आपल्याच. बाबांच्या गावात."

छोट्यांनी छताकडे पाहिलं. "तिथे... ते नाही का... सुताराचं?"

"सुतार जाऊन सहा वर्षं झाली," चिमी हळूच म्हणाली. "त्याची विधवा सून असते. दोन शेळ्या आहेत. एकीला डोळा नाही."

वहिनीने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"चिमीचं नाव द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "माझा मुलगा आहे, माझा जीव तुटतो. पण ज्याला शेवटचं घर माहीत नाही, त्याने पहिल्या खुर्चीवर बसू नये. छोटे, तू हो म्हण."

छोटे बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले. "आई, तू पण?" मग खांदे पाडून म्हणाले, "ठीक आहे. हो. लिहा ताईचं. पण तिच्या सगळ्या सभांना माझे पाइप हवेत, स्टेज उभं करायला." सगळे हसले, आणि हसता हसता ते ठरून गेलं.

ठरलं! आक्काच्या कानात एकदम वारं भरल्यासारखं झालं. पन्नास वर्षांचं फळ तिच्या ओटीत पडलं होतं. तिने दोन्ही हात पुढे केले. आता पोर उठेल, आपल्या गळ्यात पडेल.

चिमी उठली. आणि वहिनीच्या गळ्यात पडली.

"मामी," ती रडत होती, "तू होतीस म्हणून गं. तू मला इथे ठेवून घेतलंस, शिकवलंस, बोलायला उभं केलंस. मी आहे ती तुझ्यामुळे."

आठ वर्षं चिमी मामीकडे राहून शिकली होती, खरं होतं ते. आक्कानेच पाठवली होती. गावात हायस्कूल नव्हतं. पण पाठवली म्हणजे देऊन टाकली होती की काय? आणि मागितलं कुणी? भांडलं कुणी? तोंड वाईट केलं कुणी? ही बया दोन तास गप्प बसली, शेवटी एक प्रश्न विचारला, तोही आक्काच्या पठडीतला, आणि पोर तिची झाली. मिळालं, तेही हिच्या हातून. भीक मिळावी तसं.

आक्काने पुढे केलेले हात हळूच मागे घेतले. कुणी पाहिलं नव्हतं.

"मी जरा पाठ टेकते," ती म्हणाली. कुणीतरी न बघताच 'हं' म्हटलं.

ती आतल्या खोलीकडे गेलीच नाही. स्वयंपाकघरातून सरळ मागच्या सात पायऱ्या उतरली आणि नळाशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली. वर, दारामागे, वहिनी चहाचं आधण ठेवायला आली असावी. कपबश्यांचा आवाज येत होता. कपबश्यांचा आवाजसुद्धा कसा, सुविद्य.

तेवढ्यात बाजूच्या बोळातून एक माणूस आला. पन्नाशीचा, घामाघूम, पँटला धूळ. उजव्या बुटाला नाडीच्या जागी सुतळी बांधलेली. कुणाच्या तरी गाडीचा ड्रायव्हर असणार.

"पाणी मिळेल का, बाई? पुढे गर्दी आहे."

"पुढे गर्दी असतेच. नळ आहे, भांडं आहे. घे."

त्याने भांडं भरलं आणि सावकाश प्याला. काही विचारलं नाही. नुसतं बंगल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज गडबड दिसते."

"गडबड कसली. लग्न लागलंय. नवरी माझी आणि मिरवतेय दुसरीच."

"असं?"

त्या 'असं?'ने घात केला. चाळीस वर्षं आक्काने हजारदा स्वतः म्हटलेलं 'असं?' होतं ते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती.

"साहेबांची जागा," ती म्हणाली. "पुतळ्यासारखे बसलेत सगळे, एकमत झालं म्हणून. एकमत! अरे, या घरात चहात साखर किती यावर एकमत नाही. तो छोटा वरून हो म्हणाला, आतून दात-ओठ खातोय. आणि जिला द्यायची ती माझी मुलगी आहे, माझ्या पोटची, पण तोंड बघ, तोंड मामीचं आहे. मामी म्हणेल तसं बोलणार. उद्या ती निवडून आली तरी राज्य कुणाचं? त्या वरच्या बाईचं. पोपट माझा, पिंजरा तिचा."

"मग?"

"मग काय मग? मला विचारतंय कोण? विचारलं असतं तर सांगितलं असतं, असल्या उसन्या तोंडाला जागा देऊ नका. त्यापेक्षा तो विटावाला परवडला. तो निदान स्वतःच्या तोंडाने खोटं बोलतो."

बोलून झालं आणि तिला हलकं वाटलं, उलटी झाल्यावर वाटतं तसं. पोटात आता काही नव्हतं. पोरीबद्दलचा रागसुद्धा नव्हता. माणसाने मान हलवली. भांडं नळाखाली धरलं, दोनदा विसळलं, आणि भिंतीवर पालथं ठेवलं. मग आला तसा बोळातून निघून गेला.

शहाण्या आईचा दिसतो, आक्काच्या मनात आलं. कुणीतरी नीट वळण लावलंय.

तिने तोंडावर पाणी मारलं. राग उतरला होता. जाऊ दे, पोर ती पोर. आज ना उद्या येईल गळ्यात. जागा तर मिळाली. ती पायऱ्या चढू लागली. तिसरीवर होती तेव्हा पुढची घंटा वाजली. सहावीवर पोचली तेव्हा हॉलमधून खुर्च्या सरकल्याचा, "या, या" म्हटल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघराच्या दारातून तिला हॉलचा खालचा भाग आधी दिसला. सोफ्याचे पाय, सतरंजीची कड, माणसांचे बूट. त्यात एका उजव्या बुटाला सुतळी होती.

आक्काने दाराची चौकट धरली.

"नाव ऐकलं, साहेब," पक्षाचा माणूस बोलत होता. "चांगलं नाव आहे. मी येताना हेच नाव मनात घेऊन आलो होतो. आणि म्हणता की घर एकमुखी आहे."

"एकमुखी," धाकटा म्हणाला. "माझ्या मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

"साहेब, तुमच्यावरचं पुस्तक मी दोनदा वाचलं. पक्षात नव्या पोरांना वाचायला देतो. त्यामुळे पुढच्या दाराची घंटा वाजवण्याआधी मी मागच्या दाराने जाऊन आलो." त्याने हातातली फाइल उघडली नाही, नुसती मांडीवर सरळ केली. "तिथे मला या घरातल्याच माणसाने सांगितलं की एकमत नाही. आणि हेही, की ताईंना जागा देऊ नका, त्यापेक्षा कारखानदार परवडला."

कुणाच्या हातातली बशी वाजली. चिमीच्या.

"कोण?" छोट्यांनी विचारलं. "कोण म्हणालं?"

"ते सांगायचं नसतं. मागच्या दारचं मागच्या दारी. तेही पुस्तकात आहे." त्याची नजर आतल्या दाराकडे वळलीसुद्धा नाही. तेवढा तो सभ्य होता. "मला वाईट वाटतं, साहेब. पण उद्या ऐन प्रचारात घर फुटलं तर पन्नास गावं जातील. वर मला हेच सांगावं लागेल. जागा कारखानदाराला."

मग एकेकाची नजर फिरली, आणि सगळ्या नजरा एकाच जागी जाऊन थांबल्या. वहिनीवर.

"मामी," चिमी म्हणाली. आवाज फाटका निघाला. "चहा ठेवायला तू गेली होतीस."

"अगं, मी..."

"मला वाटलं, तू मनापासून दिलंस."

"आई, तू मला हो म्हणायला लावलंस आणि मागे जाऊन..." छोटे वाक्य पुरं करू शकले नाहीत. त्यांच्या क्लासमध्ये हे शिकवलेलं नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला शब्द सापडत नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान फिरवली.

आणि चौकटीला धरून उभ्या असलेल्या आक्काला, देवाशपथ, थंड वाटलं. चाळीस वर्षं जळत होतं तिथे कुणी ओला हात ठेवावा तसं. भाऊ वहिनीकडे बघत नव्हता, चिमी बघत नव्हती, वहिनीचा स्वतःचा लेक तिच्यावर ओरडत होता. आक्काला करायचं काही नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. सगळे समजत होते, म्हातारी आत पडलीय. खरंच आत जाऊन पडलं असतं तरी चाललं असतं.

ती एक श्वास गप्प राहिली. दुसराही.

"लेखकाला कळवा," धाकटा म्हणाला. घोगऱ्या, कडू आवाजात, पक्षाच्या माणसाला. "पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शेवटचं प्रकरण घाला म्हणावं. साहेबांची तीस वर्षांची जागा साहेबांच्या बायकोने घालवली. मागच्या दाराने."

आक्काच्या कपाळाची शीर उडाली.

"थांब रे," ती म्हणाली.

सगळे वळले. ती हॉलमध्ये आली. पक्षाच्या माणसाच्या समोर, फोटोच्या खाली उभी राहिली.

"ती नव्हती. मी होते."

"आक्का, तू तिला पाठीशी घालू नकोस..."

"मी? हिला? चाळीस वर्षांत घातलंय का कधी?" आक्का माणसाकडे वळली. "भांडं विसळून पालथं घातलंस की नाही रे भिंतीवर? सांग ह्यांना. ते पालथं घालायला कुणी शिकवलं माहितेय तुला? ह्या साहेबाला मी शिकवलं. बाईला आपण होऊन विचारू नये, नुसतं 'असं?' म्हणावं, तेही मीच. माझ्याच औषधाने तू मला मारलंस, आणि मी मुकाट प्याले, कारण तुझा बूट बघून मला वाटलं ड्रायव्हर आहे."

माणूस उभा राहिला होता. त्याला बसावं की उभं राहावं हे कळत नव्हतं.

"का?" चिमीने विचारलं. एवढंच.

आक्काने पोरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"जळले म्हणून. तू तिच्या गळ्यात पडलीस म्हणून. दुसरं काय कारण असतं म्हाताऱ्या बाईला?" तिने दम घेतला. "पण ऐका. दूध मी घातलं, नाव हिचं झालं. दारं मी दाखवली, पुस्तकात ही छापली. पोर मी काढली, तीही हिचीच झाली. जन्मभर माझं केलेलं हिच्या नावावर लागलं. आता हे मी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या हाताने वाटोळं केलंय, ते तरी हिच्या नावावर घालू नका. हे माझं आहे. हे माझ्या नावावर लिहा."

पक्षाच्या माणसाने फाइल काखेत मारली. "बाई, निर्णय बदलता येणार नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "उलट आता तर..."

"ठाऊक आहे मला. मी निर्णय मागितला नाही. नाव मागितलं."

तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चिमी खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण तिच्याजवळ जायची आक्काची हिंमत झाली नाही. जी बाई एकदा कुत्र्यांच्या टोळीतून किटली घेऊन गेली होती, तिची चार पावलं चालायची हिंमत झाली नाही.

वहिनीला मात्र आता शब्द सापडला.

"वन्सं," ती म्हणाली. "फोटो मी कापला नव्हता."

"काय?"

"मी अख्खाच नेला होता काचवाल्याकडे. ह्यांनीच तो कापून आणायला परत पाठवला. पोस्टरवर लावायचाय म्हणाले, दूध विकणारी बहीण शेजारी बरी दिसत नाही. बोटं कापायला काचवालाच तयार झाला नाही. किटली कापली गेली असती."

आक्काने धाकट्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल म्हणून ती थांबली. धाकटा सतरंजीच्या कडेकडे बघत होता. लहानपणी दूध सांडलं की बघायचा तसा.

"हे मला आजच सांगायचं होतं का गं?" आक्का वहिनीला म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने वहिनीला 'अहो' सोडून 'गं' म्हटलं होतं; दोघींनाही ते कळलं.

मग आक्काने फोटोकडे एकदा पाहिलं. कडीवरची चार बोटं घट्ट होती. किटली भरलेली असणार त्या दिवशी.

ती निघाली. स्वयंपाकघराकडे नव्हे. हॉल ओलांडून, बुटांच्या रांगेजवळून, सरळ पुढच्या दाराने. ड्रायव्हर धावत पुढे आला आणि हात धरायला लागला, तो तिने झटकला.

पोरगा खोटं बोलला नव्हता. पायऱ्या खरंच कमी होत्या.